जिजीचं न उघडणारं पान

भटू पाटील तंबाखू खात नाही. विडी नाही, सुपारी नाही, चहासुद्धा अर्धा सोडतो. पण त्याच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी कायम असते. दिवसातून कितीदा तरी तो डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू घेतो, चुना लावतो आणि समोरच्या मोबाइलवर नजर रोखून अंगठ्याने मळत बसतो. मळून झाली की दोन टाळ्या मारून भुसा उडवतो आणि उरलेली सगळी तंबाखू खिडकीतून खाली टाकून देतो. खाली खताचं दुकान आहे. त्या दुकानदाराचं आणि आमचं या एका कारणावरून बोलणं बंद आहे.

तंबाखू हे भटूभाऊचं घड्याळ. आमचं ऑफिस शहाद्याला बसस्टँडजवळ, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तिथे आम्ही शाळांच्या, जिनिंगवाल्यांच्या, पतपेढ्यांच्या वेबसाइट बनवतो. म्हणजे बनवतो भटूभाऊ. मी त्यातला मजकूर लिहिते आणि गिऱ्हाइकांचे फोन घेते. त्याचं म्हणणं असं, की आपल्याकडच्या माणसाचा धीर तंबाखू मळून होईपर्यंत टिकतो. चिमूट तोंडात गेली की माणूस फोन खिशात ठेवतो आणि उठतो. तेवढ्यात पान उघडलं तर पास, नाही तर नापास.

"ताई, मळाई गयी तरी उघडनं नही!" अशी आरोळी आली की समजायचं, आज भटूभाऊच्या घशाखाली घास उतरणार नाही.

याहून वाईट म्हणजे त्याचा डबा. चार खणांचा स्टीलचा डबा आहे. तीन खणांत जेवण, चौथ्यात फोन. ऑफिसात रेंज चांगली, मग खेड्यातल्यासारखी खराब रेंज आणायची कुठून? तर फोन स्टीलच्या खणात ठेवायचा, झाकण अर्धं लावायचं आणि फटीतून बघत तंबाखू मळायची. एकदा घाईत पूर्ण झाकण लावून तो घरी निघून गेला आणि फोन हरवला म्हणून पोलीस चौकीत जाऊन बसला. तिथल्या हवालदाराने भूक लागली म्हणून याचा डबा उघडला, तेव्हा फोन सापडला. उरलेली भाकरी हवालदाराने खाल्ली होती. भटूभाऊची तक्रार भाकरीबद्दल नव्हती. "पूर्ण झाकन लायं तं रिंग वाजनी नही," हे त्याला नवीन कळलं होतं आणि तो खूश होता.

वेबसाइट उघडते म्हणजे काय होतं, हे मला त्याच्याकडूनच कळलं. पान एकटं येत नाही. प्रत्येक फोटो, प्रत्येक आकडा, प्रत्येक बटण यांच्यासाठी ब्राउझर वेगवेगळी मागणी पाठवतो. शहाणा ब्राउझर मागणी पाठवून तोंड बघत उभा राहत नाही. पुढच्या कामाला लागतो, आणि उत्तरं येतील तशी जागेवर बसवतो. भटूभाऊच्या भाषेत याचं नाव "टाक नि निंघ".

पण ती उत्तरं भरभर येतात की रडतखडत, हे वाटेतल्या नियमांवर ठरतं. इंजिनीअर लोक त्याला प्रोटोकॉल म्हणतात. भटूभाऊ एक नंबर, दोन नंबर आणि तीन नंबर म्हणतो, आणि साखर कारखाना सोडून दुसरं कुठलंही उदाहरण देत नाही.

एक नंबर हा जुना नियम. कारखान्याला मोजकी गेटं, एका गेटातून एकच ट्रॉली आत जाणार, ऊस खाली करणार, बाहेर येणार, मग पुढची. बाकीच्या रस्त्यावर रांग लावून. दोन नंबर आला आणि सगळ्यांचा ऊस मोळी-मोळीने मिसळून एकाच मोठ्या पट्ट्यावरून आत जायला लागला. रांग संपली, सगळे खूश. पण पट्ट्यावरून एक मोळी खाली पडली की ती परत आणून ठेवेपर्यंत अख्खा पट्टा बंद. ज्याची मोळी पडली नाही तोही बसला बोंबलत. तीन नंबर सगळ्यात नवा. त्यात ज्याची मोळी पडली तोच थांबतो, बाकीच्यांचा ऊस चालू राहतो. शिवाय गेटवर नाव-गाव सांगण्यात जो वेळ जातो, तोही वाचतो.

"मंग फरक कितला पडस?" मी विचारलं होतं.

"आठे, शहाद्याले, काहीच नही," तो म्हणाला. "चांगला रस्तावर समद्याच गाड्या चांगल्या. फरक कयस तो डोंगरपान."

डोंगरापाशी म्हणजे कुठे, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. म्हसावदच्याही पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे रेंज येते आणि जाते, तिथे त्याची थोरली बहीण दिली आहे. तिला तो जिजी म्हणतो. आणि भटूभाऊची सगळी तंबाखू, सगळे डबे, तिन्ही नंबर, खरं तर एका पानासाठी होते. ते पान जिजीच्या फोनवर उघडत नव्हतं.

आता हे सांगायचं तर आखाजी सांगायला हवी. अक्षय तृतीयेला आम्ही खान्देशात आखाजी म्हणतो, आणि आमच्याकडे तो सासुरवाशिणींचा सण. निंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या होतात, लेकी माहेरी येतात. पण लेक आपली आपण येत नाही. माहेरचा माणूस तिला न्यायला, आमच्या बोलीत लेवाले, जातो. त्याला मुराळी म्हणतात. माझं माहेर म्हसावद. शहाद्याहून तिथे जायला हव्या तेवढ्या बस आहेत आणि मला रस्ता पाठ आहे. तरी आखाजीला भाऊ न्यायला येईपर्यंत मी पिशवी भरून खुर्चीत बसून राहते. नवरा म्हणतो, "जा ना तुझी तू." त्याला काय सांगणार? स्वतःहून गेलं तर ते नुसतं गावाला जाणं.

भटूभाऊ कळसाडीचा. वडील लहानपणीच गेले. याला जिजीनेच कडेवर वागवलं. पुढे आई गेली आणि घरात हा एकटाच राहिला. लग्न नाही. एकदा मुलगी बघायला गेला होता. मुलगी आवडली, तसं मध्यस्थाला सांगून हा कामाला लागला. टाक नि निंघ. मुलीकडचे लोक बोलणी करायला कोणी तरी येईल म्हणून वाट बघत राहिले. हा उत्तराची वाट बघत राहिला. मुलीचं लग्न तळोद्याला झालं, आणि याने एवढंच म्हटलं, "आपली बाजू क्लिअर व्हती."

हे त्याचं दुसरं पालुपद. कुठलीही वेबसाइट अडकली, की तो सगळं तपासतो आणि हात झटकतो. "आपली बाजू क्लिअर शे. वाटमा अडकनं काही तरी."

तर आई गेल्यानंतरची पहिली आखाजी आली. त्याच आठवड्यात आमच्या सगळ्या वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवायच्या होत्या. भटूभाऊला उठायला फुरसत नव्हती. मग त्याने काय करावं? जिजीला न्यायला जाण्याऐवजी एक पान बनवलं. त्यात आईचा मोठा फोटो, अंगणाचा फोटो, म्हशीचा फोटो, निंबाला बांधलेला झोका हलतानाचा व्हिडिओ. वर लिहिलं, "जिजी, आखाजीले ये." खाली हिरवं बटण, "मी येस", म्हणजे मी येते. बटण दाबलं की याच्या फोनवर घंटा वाजणार आणि हा स्टँडवर घ्यायला जाणार.

पानाची लिंक पाठवली आणि हा कामाला लागला. घंटा वाजली नाही. जिजी आली नाही.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी याने फोन केला. मी समोरच बसले होते. "जिजी, पान उघडं का?" असं विचारलं. पलीकडून काय आलं ते त्याने फोन ठेवल्यावर सांगितलं.

"म्हने, नही रे भाऊ, उघडनं नही. नुसतं गोल फिरी ऱ्हायनं."

बहिणीने असं सांगितल्यावर दुसरा एखादा उठला असता आणि स्टँडवर गेला असता. भटूभाऊ खुर्ची पुढे ओढून बसला. पान जड झालं होतं. जिजीच्या रेंजवर मोळ्या पडत होत्या. दोष सापडला होता. त्याच दिवशी त्याने खिशात तंबाखूची पुडी ठेवायला सुरुवात केली.

दुसऱ्या वर्षी त्याने व्हिडिओ काढून टाकला आणि दोन नंबर चालू केला. पान पुन्हा पाठवलं. घंटा नाही. फोनवर जिजी म्हणाली, "उघडनं नही रे." तिसऱ्या वर्षी म्हैस गेली, अंगण गेलं, आणि सर्व्हरवर तीन नंबर आला. जिजी म्हणाली, "गोल फिरस नि बसी जास." मग त्या वर्षभरात त्याने आईचा फोटो लहान केला. मग आणखी लहान. मग इतका लहान, की आई आहे की शेजारची काकू आहे हे त्याला एकट्याला ओळखता यायचं. शेवटी तोही काढला. राहिलं एक पांढरं पान, एक ओळ आणि बटण.

दरवर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी तो कळसाडीच्या अंगणात निंबाला झोका बांधायचा, आणि सण झाल्यावर दोर गुंडाळून माळ्यावर टाकायचा. चाळिशीचा माणूस, एकटा, रिकामा झोका बांधतो, म्हणून गावात लोक हसायचे. मीही ऑफिसात हसले आहे.

"अहो, एकदा बस पकडून जा ना," मी म्हणायचे. "तिकडे जायला वेळ किती लागतो? तुमची मागणी आधी मुंबईच्या सर्व्हरला जाते, तिथून फिरून सातपुड्याला. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"उत्तर नही उनं तं लगेच धडकनं नही ताई. समोरनावर लोड येस," तो गंभीरपणे सांगायचा.

मला राग यायचा. पण त्या सांगण्याखाली एक भीती होती, हे मला तेव्हाही दिसत होतं. गेलो आणि जिजी नाही म्हणाली तर? पान उघडत नाही तोवर ती नाही म्हणालेली नव्हती.

या हिवाळ्यात जिजीच्या नवऱ्याला लकवा मारला. शहाद्याच्या दवाखान्यात होते तेव्हा भटूभाऊ रोज डबा घेऊन जायचा. बहीण-भाऊ बाकावर शेजारी बसायचे, औषधांबद्दल बोलायचे. पानाचा विषय दोघांनीही काढला नाही. मग जिजी नवऱ्याला घेऊन गावी परतली आणि हा पुन्हा तंबाखू मळायला लागला.

आखाजीच्या काही दिवस आधी त्या गावात माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात कोणी तरी सांगितलं, की ही भटूच्या ऑफिसातली. एक उंच, वाळलेली बाई हात पुसत पुढे आली आणि माझं मनगट धरून म्हणाली, "मंग मन्हा घर चहा पेवाले चाल."

घर जवळच होतं. ओसरीत बाजेवर नवरा पडलेला. उजवी बाजू गेली होती, बोलणं फुटत नव्हतं. जिजीने आधी त्याची उशी सरळ केली, मग चूल पेटवली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "जिजी, भटूभाऊनं ते पान उघडत नही ना तुमना फोनवर?"

तिने कोनाड्यातला फोन घेतला, बोट लावलं आणि माझ्यापुढे धरला. पान उघडलेलं होतं. पापणी लवायच्या आत. पांढरं पान, एक ओळ, हिरवं बटण.

"उघडस," ती म्हणाली. "पहिला सालपासून उघडस. तवय जरा टाइम लागे. पानी भरीसन येऊ तवलगून उघडी जाये."

"मंग उघडत नही आसं काबर सांगं?"

"काय सांगू व बहीन? तू लेवाले उना नही म्हनीसन मी उनी नही, आसं सांगू? त्याले कितलं वाईट वाटतं." तिने चहात साखर टाकली. "म्हनीसन रेंजवर ढकली दिन्हं."

"पन एक शब्द टाकना व्हता. लगेच उना आसता तो."

"मांगीसन भेटस ते माहेर कसानं व?"

हे ती कुणाला सांगत होती? दरवर्षी पिशवी भरून खुर्चीत बसणारी मी.

ती फोनकडे बघत राहिली. "पहिले त्यामा मायना फोटू व्हता. रोज सकाय उठीसन दखी लेऊ. मंग बारीक व्हत गया. एक दिन दखं तं माय गायब." तिने बटणावरून बोट फिरवलं, दाबलं नाही. "आते तं मुराळी उना तरी यासले टाकीसन कशी येसू मी? तू त्याले सांगू नको काही."

मी मान हलवली. मान कशीही हलली तरी तिचा अर्थ लावणाऱ्याच्या हातात असतो.

घरी येऊन मी पुष्कळ विचार केला. सांगून उपयोग काय होता? जिजी आता येऊ शकत नव्हती. न सांगावं, तर हा जन्मभर पान हलकं करत बसणार. आता त्यातून काढायलाही काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले तेव्हा तो तंबाखू मळत होता.

"भटूभाऊ, जिजीकडे गेले होते. पान उघडतं."

अंगठा थांबला. "कितला टाइममा?"

"लगेच. तुमची चिमूटसुद्धा मळून झाली नसती."

एवढा आनंद मी त्याच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. "दखा! तीन नंबर! मी सांगे का नही, डोंगरपान तीन नंबरच चालई!" तो उभाच राहिला. मला तिथेच थांबावंसं वाटलं, खरंच. पण मग मी सगळं सांगितलं. पहिल्या वर्षापासून उघडत होतं हे, ती दरवर्षी खोटं का बोलली हे, आणि आईच्या फोटोचंही.

तो खाली बसला. तळहातावरची तंबाखू तशीच होती. कितीतरी वेळ त्याने ना टाळी मारली, ना ती फेकली. मला वाईट वाटलं. बोलले ते बरं केलं की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

"म्हंजे माय बी मीच काढी," एवढंच तो म्हणाला.

दुपारी बघितलं तर त्याने आईचा मूळ फोटो पानावर परत लावला होता. कॅमेऱ्यातून निघाला तसा, सगळ्यात मोठा, सगळ्यात जड. एरवी कोणी असा फोटो लावला असता तर भटूभाऊने त्याला ऑफिसातून हाकललं असतं.

"अहो, थोडा लहान तरी करा," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या. येई निवांत."

आखाजीच्या आदल्या दिवशी माझा भाऊ मला न्यायला आला. आम्ही स्टँडवर गेलो तर तिथे भटूभाऊ उभा. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हातात आंब्यांची पिशवी. डबा नाही, खिशात पुडी नाही. आमच्याच बसमध्ये चढला. वाटेत एकदाही फोन काढला नाही. म्हसावद आलं, भाऊ पिशवी घेऊन उतरला, मी उठले, तसा हा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ताई, तठलग चला ना, जिजीना घर."

भावाला मी मागून येते म्हणून सांगितलं आणि पुन्हा बसले. एरवी ती बस कधी वेळेवर पोचल्याचं कोणी ऐकलेलं नाही. त्या दिवशी मेली अगदी वेळेवर पोचली.

जिजी ओट्यावर डाळ निवडत बसली होती. आम्ही वळणावर दिसलो तेव्हा तिने वर पाहिलं. उठली नाही. हातातलं सूप हळूच खाली ठेवलं आणि पदर सारखा केला. भटूभाऊ ओट्याच्या पायरीपाशी जाऊन थांबला. चपला काढाव्यात की नाही हेही त्याला सुचेना.

जिजीने त्याच्याकडे नीट बघितलं. मग अगदी रोजच्या आवाजात, सकाळी शाळेत गेलेलं पोर उशिरा घरी आल्यासारखं, तिने विचारलं, "बस लेट व्हती का रे?"

ही चौथी आखाजी होती. आणि ती अजूनही त्याला वाट करून देत होती. हो म्हणाला असता तर तिने मान डोलावली असती आणि विषय संपला असता. आपली बाजू क्लिअर, वाटेत अडकलं काही तरी. त्याचं जन्मभराचं शास्त्र त्या एका "हो" मध्ये बसत होतं.

"नही जिजी," तो म्हणाला. "बस टाइमवरच व्हती."

जिजीच्या ओठांची कड हलली. मग त्याने आंब्यांची पिशवी पायरीवर ठेवली आणि शाळेत पाठ म्हणतात तसं म्हटलं, "जिजी, आखाजीले चाल. लेवाले उनू."

तिने बाजेकडे पाहिलं. नवरा डाव्या हाताने खुणा करत होता. जा, जा, असं म्हणायचं होतं त्याला. जिजीने ते न दिसल्यासारखं केलं.

"माहीत शे," भटूभाऊ म्हणाला. "तरी लेवाले उनू."

त्यावर ती उठली. आत जाऊन पाणी घेऊन आली. त्याच्या पायांवर तिने स्वतः ओतलं. लहानपणी ओतत असेल तसं, टाचा घासून घे म्हणत.

जेवणं झाली. भटूभाऊ मेव्हण्याच्या बाजेवर बसून त्याचा न हलणारा हात चोळत राहिला. उन्हं उतरली तशी जिजीने सांजोऱ्या फडक्यात बांधून दिल्या, शेजारणीला नवऱ्यापाशी बसवलं आणि आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आली.

वेळ टळून गेली तरी परतीची बस आली नाही. फाट्यावर एक कडुनिंब आणि एक मोडकं बाकडं, बाकी काही नाही. त्या दोघांना मी बाकड्यावर बसू दिलं. जिजीने कमरेचा फोन काढला, ते पान उघडलं आणि दोघांच्या मध्ये धरला. आई वरून खाली यायला लागली. आधी भिंत, मग पदराची कड, मग केस. रेंज जायची आणि फोटो थांबायचा. रेंज यायची आणि कपाळ थोडंसं दिसायचं. दोघंही बघत होते. भटूभाऊचा अंगठा एकदाही तळहाताकडे गेला नाही.

मला म्हसावदला जायची घाई होती. भाऊ वाट बघत असणार, झोके बांधून झाले असणार. पण त्या दोघांना सांगणार कोण? सूर्य सातपुड्याच्या कडेला टेकला. आई डोळ्यांपर्यंत आली होती. तेवढ्यात लांब वळणावर लाल बस दिसली.

जिजीने फोन बंद केला.

"आज लवकर उनी रे," ती म्हणाली.